उसने डोळे

१२ नोव्हेंबर, बुधवार

फ्लॅश मारायचा नाही म्हणजे नाही! आजच्या बाईंनाही तेच सांगितलं. हरणाबाई, म्हसवडकडच्या. धनगर, सत्तरीच्या पुढच्या, अंगानं वाळलेल्या, आवाज मात्र खणखणीत. दोन एसट्या बदलून आल्या. कुणीतरी सांगितलेलं — तासगावात एक बाई बेदाण्याच्या शेडमध्ये फोटो काढती, मानूस जित्ता दिसतो.

दिसणारच. हंगाम संपला की आमची शेड रिकामी. जाळीवर मांजरपाट लावला की ऊन गाळून येतं, पूर्वेच्या दारातून सरळ उजेड. सांगलीच्या कुठल्या स्टुडिओत आहे असलं?

बाईंचा मुलगा बिराप्पा. सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानात कामाला म्हणून दक्षिणेत गेला तो गेलाच. फोन नाही, निरोप नाही, खूप वर्षं झाली. त्याचा एकच पासपोर्ट फोटो आहे. "माज्या शेजारी बसल्याला पायजे. आत्ता आसंल तसा."

चेहरा बसवता येईल. पण उजेड खोटा आणता येत नाही, त्यासाठी शेजारी कुणीतरी खरंच बसायला हवं. गोमटेशला म्हटलं, तू बस. "अगं, नवऱ्याला काय पुतळा समजतेस?" म्हणाला. बसतोय मात्र.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय उजेड होता आज! गोमटेशला फेटा बांधला, खांद्यावर घोंगडं दिलं. बाईंनी त्याचा हात हातात घेतला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. मधेच म्हणाल्या, "जेवलास का रं?"

गोमटेश म्हणाला, "व्हय आई."

नाटकी कुठला! मी हसले. तो हसला नाही.

१८ नोव्हेंबर

दिवसभर चेहऱ्यावर काम. कपाळ, नाक, जबडा बसला. वयही वाढवलं, छान जमलं. डोळे काही केल्या जमेनात. पासपोर्ट फोटोत नुसते काळे खड्डे. समोर दार असलं की माणसाच्या बुबुळात त्या दाराचा पांढरा ठिपका पडतो, तोच जीव. रंगवून घातला तर बाहुलीसारखं दिसतं.

शेवटी डोळे गोमटेशचेच ठेवले. बाकी सगळा बिराप्पा.

गोमटेश बराच वेळ स्क्रीनकडे बघत उभा. "माझे परत कधी देणार?"

"बघू," म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हरणाबाई फोटो घेऊन गेल्या. रडतील असं वाटलेलं. नाही. पदरानं काच पुसली आणि म्हणाल्या, "आला."

३० नोव्हेंबर, रविवार

गोमटेशचा साधा एक फोटो काढायचा होता, बागायतदारांच्या कार्डासाठी. त्याच जागी, त्याच वेळेला बसवलं. डोळ्यांत ठिपका नाही. मान वळवायला लावली, दाराच्या तोंडाशी बसवला — नाही! मग टायमर लावून मी बसले. माझ्या डोळ्यांत अख्खं दार, चौकटीसकट.

लेन्स बदलून पाहिली. त्यानं एवढंच विचारलं, "झालं का?" त्याला काही वाटलं नाही. मला वाटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

आज दिवस मावळल्यावर जेवला. आमच्या घरात! लहानपणापासून एकदाही अन्थऊ, सूर्यास्ताआधी जेवायचा आम्हा जैनांचा नेम, मोडलेला नाही त्यानं, प्रवासातसुद्धा दिवसाउजेडी जेवून घेतो. ताट वाढून मी हाका मारतेय आणि हा अंगणात उभा.

"मेंढरं आल्याबिगर कसं जेवायचं?"

आमच्याकडं शेळीसुद्धा नाही. भांडले. खूप भांडले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, पाहुण्यानं ऐकावं तसं.

८ डिसेंबर

सकाळी बागेत गेला तो आलाच नाही. मोबाईल घरात, गाडी दारात.

मला माहीत आहे कुठं गेलाय. हे पोलिसांना कसं सांगू?

९ डिसेंबर, मंगळवार

गेले. गाव म्हसवडच्याही पुढं, माळावर चार घरं. हरणाबाईंच्या दारातूनच भिंतीवरचा फोटो दिसला. माझंच काम, आणि मलाच बघवेना. ते डोळे चकाकत होते.

अंगणात गोमटेश मेंढरांच्या वाड्याला काटेरी फांद्या बांधत होता. हात रक्ताळलेले. द्राक्षाची कात्री सोडून कधी काही धरलं नाही त्या हातांनी! मी दंड धरला. म्हटलं, घरी चल.

त्यानं दंड सोडवला, हळूच. आत जाऊन तांब्या घेऊन आला. "पानी घ्या, ताई."

ताई!

हरणाबाईंना म्हटलं, फोटो परत द्या, पैसे ठेवा, फोटो द्या.

"लेकराला भितीवरनं काढू व्हय? तू पन बाईच हायस की."

"हा माझा नवरा आहे!"

त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "उनातनं आलीयास, पोरी. टेक जरा."

११ डिसेंबर

कॉम्प्युटरवरच्या फाईलमधून डोळे पुसले. मग अख्खी फाईल पुसली. काही झालं नाही.

घरात त्याचे कपडे आहेत, वास आहे, बागेत त्यानं अर्धी सोडलेली घडांची विरळणी आहे. मला तो हवाय. एवढंच. बाकी काही नको.

१६ डिसेंबर

शेडचं दार उघडलं नाही. गिऱ्हाईक परत पाठवलं. देवळातही गेले नाही.

२१ डिसेंबर, रविवार

दुपारी कडी वाजली. धावत गेले. गोमटेश नव्हता. केस पिकलेले, खांद्याला पिशवी. पण तो जबडा मी दिवसभर बसवलाय, कुठंही ओळखेन. बिराप्पा. जिवंत.

गलाईचं दुकान बुडालं, आजारी पडलो, तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणाला. आता परवा गावी आला. आई दारात आली, विचारलं, "कोन पायजे?" यानं नाव सांगितलं. आई म्हणाली, "बिराप्पा आत जेवतोय."

"आवं, म्या आत बगितलं. खरंच एकजन जेवत हुता."

"काय म्हणाला तो तुम्हाला?" मी विचारलं.

"मानूस चांगला हाय. उटून भाईर आला, तुमचा पत्ता त्यानंच दिला. म्हनला, तितं जा. तितं जागा हाय."

त्यानं चपला काढल्या आणि उभा राहिला. मी दारातून बाजूला झाले.