के. साहेबांची उतरायची सोय

७ जाने.
के. साहेबांचा फोन. मुंबईला परिषदेसाठी येतायत, तिथून रत्नागिरीला. "इंजिनियर, तुझं गाव बघितल्याशिवाय मी मरणार नाही." आवाज तोच. वय ऐंशीच्या पुढे. पूर्ण नाव इतकं लांब, की आफ्रिकेत त्यांच्या कारखान्यात आम्ही सगळे के. साहेबच म्हणायचो.
अनघाचा साखरपुडा अठराला. मी म्हटलं, "मुलीचं कार्य आहे, याच."
फोन ठेवल्यावर वृंदाने टीव्हीचा आवाज वाढवला.

८ जाने.
सकाळी वृंदा: "पुण्याची, मुलाकडची मंडळी आपल्याकडे उतरणार. ती बघतील, विचारतील. आधी सगळं नीट पार पडू दे."
"काय बघतील?"
"कळतंय तुम्हाला."
कळलं. वाईट याचं, की वाद घातला नाही. दुपारी मांडवीला हॉटेलात खोली घेतली. एसी आहे, समुद्र दिसतो, असं स्वतःला समजावत घरी आलो.
तिकडे पहिल्याच वर्षी मला मलेरिया झाला, तेव्हा या माणसाने मला स्वतःच्या खोलीत ठेवलं आणि स्वतः व्हरांड्यात झोपला.

१६ जाने.
स्टेशनवरून आणलं. हातात आता काठी. गाडी हॉटेलपाशी थांबली, त्यांनी पाटी वाचली.
"घर लहान आहे का?"
"पाहुणे खूप आहेत, साहेब."
"बरं."
बॅग स्वतःच उचलायला लागले. परतताना रिक्षावाला नाना भेटला, आमच्याच गल्लीतला. "काका, पावणे तुमच्याकडे नाय उतरले?" खोकल्यासारखं केलं.

१७ जाने.
थिबा पॅलेस, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी कैदेत ठेवलं तो. के. साहेब गच्चीत बराच वेळ उभे. "या राजाला निदान समुद्राकडे तोंड करून ठेवलं. माझ्यासमोर भिंत होती."
लष्कराने सरकार पाडलं तेव्हा ते उद्योगमंत्री. थेट तुरुंगात. त्याआधी आईच्या अंगणात कढईत साबण शिजवून केलेली सुरुवात, मग गोऱ्यांच्या कंपनीच्या नाकासमोर काढलेला पहिला देशी कारखाना. सैनिकांनी त्यालाही सील ठोकलं. सुटून आल्यावर पुन्हा शून्यातून उभा केला, तेव्हा मला बोलावलं. आमचं हे घर त्या साबणावर बांधलेलं.
त्या घरात त्यांना अजून चहासुद्धा...

१८ जाने.
साखरपुडा झाला. हॉलवर त्यांना आणायला गाडी मीच उशिरा पाठवली. आले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. त्यांच्याकडचा जरतारी, पायघोळ पोशाख. सगळ्या माना वळल्या.
व्याही माझ्या कानाशी, अनघा शेजारीच: "हे कोण?"
"कंपनीचे जुने गिऱ्हाईक. सहज आलेत."
तोंडातून निघून गेलं, असं लिहिणार होतो. खरं तर ठरवूनच ठेवलं होतं.
मागच्या रांगेत बसवलं. व्याह्यांच्या नातीने के. साहेबांच्या हातावर बोट घासून बघितलं, रंग निघतो का. बायका हसल्या. तेही हसले. मीही.
अनघा नाही हसली.

१९ जाने.
अनघा सकाळी एकटीच हॉटेलवर गेली. त्यांच्याबरोबर नाश्ता केला, स्टेशनवर सोडलं. मी उठून तयार होतो, पण "मी येतो" म्हणवलं नाही.
परत आल्यावर चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "गिऱ्हाईक?"
दिवसभर बागेत. कलमांना पाणी घातलं, गरज नव्हती तरी.

२१ जाने.
न राहवून व्याह्यांना फोन. म्हटलं, ते गिऱ्हाईक नव्हते, माझे मालक. त्यांच्या देशाचे माजी मंत्री.
"मंत्री? अहो, मग आधी सांगायचं ना. पुढे बसवलं असतं. फोटो काढला असता."
फोन ठेवल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. उलटंच. व्हरांड्याचं सांगितलंच नाही. मंत्री शब्द पुढे केला, जणू गेटपास.
अनघा दारात. "म्हणजे नुसते साबणवाले असते तर मागेच बसवायचं?"
वृंदा आत निघून गेली.

२ फेब्रु.
संध्याकाळी के. साहेबांचा फोन. गुडघा दुखतोय, बाकी ठीक. अनघाने लग्नाचं बोलावणं परस्पर केलंय. "नाही कसं म्हणू? येतोय."
मग, "या वेळी उतरायचं कुठे, इंजिनियर?"
टोमणा नव्हता. सरळ विचारलं, तिकीट काढायच्या आधी कुणीही विचारेल तसं.
स्पीकर चालू होता. वृंदा समोरच बसलेली. मी म्हटलं, "एक मिनिट, साहेब," आणि तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती, मी काय सांगतो ते ऐकायला.