जमीन न सोडणारे फटाके

१९ जून

— आणि मी दार उघडेपर्यंत तिने पाटी ठोकलीसुद्धा! हातात हातोडी, कपाळावर घाम. ट्वायला ड्रेसलर, आमच्या वस्तीच्या समितीची. "नॅडीन, आधी विचारायला हवं होतं. पण तू नाही थोडीच म्हणणार होतीस!"

पाटीवर झेंडा. खाली अक्षरं : या घरात माजी सैनिक राहतो. फटाके उडवताना त्याचा विचार करा.

शहराने अशा पाट्या फुकट वाटल्या आहेत. आमच्या गाडीच्या काचेवर सैन्याचं जुनं स्टिकर आहे, ते तिने पाहिलं. अंथरुणाला खिळलेला ऑर्विल कसा आहे विचारलं. मग तिचेच डोळे भरले. "बिचाऱ्याने काय काय ऐकलं असेल!"

माझ्या नवऱ्याने काय ऐकलं ते मला ठाऊक आहे. जर्मनीतल्या छावणीत धोबीखान्यात होता. चादरी धुण्याच्या यंत्रांची घरघर ऐकली. कोणी युद्धाचं विचारलंच तर मनगटावरचा डाग दाखवायचा — "भाजलो. इस्त्रीने."

हे तिला सांगायला हवं होतं. मी आभार मानले.

२० जून

का नाही सांगितलं? कारण मला शांतता हवी आहे.

त्याचा पलंग पुढच्या खोलीत आहे, मी शेजारी कोचावर. त्याचा श्वास मध्येच थांबतो. मग पुन्हा येतो. त्या मधल्या वेळात मी कान देऊन पडलेली असते. जून लागला की गल्लीत धडाधड सुरू होतं, मग श्वास आला की नाही ते कळत नाही. एवढंच कारण.

२३ जून

पेपरात आलं आहे. यंदा शहर गय करणार नाही. वरून ड्रोन फिरणार. फोनवर तक्रार घेणार. आणि नवा नियम — जागा ज्याची, दंड त्याला. पेटवणारा कोणी का असेना. घरात दडवलेला माल अग्निशमन केंद्रावर आणून द्या, नाव विचारणार नाही, असंही लिहिलं आहे.

चर्चच्या मैदानात मांडव घालून विकतात ते फटाके चालतात. ते जमीन सोडत नाहीत. जागच्या जागी फुसफुसतात. वर गेला की बेकायदा.

"वर जाणं हाच गुन्हा." अजून शाळेत शिकवत असते तर निबंधाला दिलं असतं.

पण शहराला नावं ठेवायची नाहीत मला. गेल्या साली मागच्या गल्लीत एक छप्पर जळालं. कॅलिफोर्नियातलं गवत जूनमध्ये नुसती काडी होऊन बसलेलं असतं.

२६ जून

ऑर्विल आज बरा होता. सूप घेतलं. म्हणाला, "अर्सेनियो यंदा काय काढणार आहे?"

अर्सेनियो बेटेनकोर्ट समोर राहतो. त्याची माणसं मूळची पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरची. त्यांच्याकडे देवाचा सणसुद्धा बाण सोडल्याशिवाय देवाला पोचत नाही. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, तो आपल्या अंगणातून फटाके उडवतो, सगळ्यात शेवटी "मोठा". सोनेरी, वर जाऊन विलोच्या झाडाच्या फांद्यांसारखा खाली लोंबतो आणि विझायला तयार होत नाही. आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बघत आलो. दरवर्षी.

मी म्हटलं, बघू.

"मला दिसेल इथून. म्हणून तर पलंग फिरवून घेतला."

"मला वाटलं उजेडासाठी."

"खुळी! उजेड काय करायचाय? चार तारखेसाठी."

पलंगावरून खिडकीत समोरच्या छपराची कड दिसते. कडेच्या वर आकाश. त्याने सगळं आधीच नीट बघून ठेवलं होतं.

२७ जून

पाटी उपटायला बाहेर गेले. ट्वायला कुत्र्याला फिरवत होती. मी तिला हात केला आणि आत आले.

३० जून

अर्सेनियो आला. टोपी काढून हातात धरली होती. हा माणूस साधं "गुड मॉर्निंग" म्हणाला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. आज कुजबुजत होता. त्याच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या, तेव्हापासून मला बाई म्हणतो.

"बाई, इतकी वर्षं मी त्याच्या कानाशी धडाके केले. आणि तो खुर्चीत बसून हसत होता! सोसत होता हो. आणि आम्ही गाढवं टाळ्या पिटत होतो."

"अर्सेनियो, तसं नाही —"

"तुम्ही नका बोलू. तो बोलला नाही, तर तुम्ही कशाला बोलाल?" मग म्हणाला, "सगळा माल केंद्रावर देऊन आलो. मोठासुद्धा. तिथला माणूस डोळे फाडून बघतोय — काका, हा कुठून पैदा केलात? म्हटलं, नाव विचारणार नव्हतात ना? मग गावही विचारू नका."

हसला. हसता हसता रडला. गल्लीत सगळ्यांशी बोलून आला आहे. चार तारखेला एक आवाज होणार नाही. मला त्याच्या बायकोने, लुदोविनाने केलेला गोड पाव दिला. अजून गरम होता.

काय सांगणार होते त्याला? की एका धोब्यासाठी तुम्ही हे केलंत? पाव घेतला.

आतून ऑर्विल : "मोठा आणलाय का विचारलंस?"

"आणलाय म्हणाला."

२ जुलै

नर्स स्वयंपाकघरात थांबली. हळू बोलली. पाय सुजलेत, बोटं गार पडताहेत. "आता फार नाही, बाई. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा." बोलवायला कोणी नाही.

कालव्यापलीकडे आतापासूनच फुटताहेत. आमची गल्ली चिडीचूप. त्याचा श्वास रात्रभर ऐकू आला. प्रत्येक. मला हवं होतं ते मिळालं.

३ जुलै

सांगायचंच, म्हणून समोर गेले. अंगणात नातवंडं. अर्सेनियो त्यांना दटावत होता — "ए, दार आपटायचं नाही! समोरचे आजोबा लढाईतून आलेत."

मुलं माझ्याकडे बघत राहिली. एकीने छातीवर हात ठेवला, झेंड्यापुढे ठेवतात तसा.

मी सॉसेजची बशी घेऊन परत आले.

४ जुलै

सकाळीच म्हणाला, दाढी करून दे. केली. निळा शर्ट हवा होता. पाठीमागून कापून अंगावर घातला. दुपारभर झोपला. सूर्य मावळला तसा जागा झाला, उशा उंच करून घेतल्या. ओठांना बिअर लावली, ती जिभेने चाटली.

अंधार पडला. शहरात चहूकडे फुटत होते. ड्रोन, दंड, काही नाही, लोक उडवतच होते. फक्त आमची गल्ली! सगळे आपापल्या अंगणात खुर्च्या टाकून बसलेले, चर्चमध्ये बसावेत तसे. कोणी मोठ्याने बोलेना.

"अर्सेनियोला काय झालं गं? आजारी आहे का?" ऑर्विलने विचारलं.

मी चपला न घालता समोर गेले. "अर्सेनियो, ऑर्विलला काहीतरी बघायचंय."

"पण आवाज, बाई?"

"चालेल. थोडा."

त्याने एकदा गॅरेजकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही. त्याला मुद्दाम घाबरवायचं नाही." आणि चर्चच्या मांडवातले आणले, पोरांसाठी घेतलेले. रस्त्याच्या मधोमध मांडले. एकेक पेटवला. फुसफुस करत लाल, हिरवं पाणी उडावं तसं. गल्ली उभी राहिली. काहींनी टोप्या काढल्या.

मी आत धावले. छतावर थोडा रंग हलत होता. ऑर्विल खिडकीच्या वरच्या भागात बघत होता. छपराची कड. तिच्यावर काळोख.

"पेटवलंय वाटतं."

"हो."

"मग वर कधी जाणार?"

"जाईल."

"याची सवयच आहे. ताणतो." हसला. माझा हात धरून ठेवला. नजर तिथेच. बाहेर एकेक विझत गेला, लोक पाय न वाजवता घरात गेले. वाट बघता बघता त्याचा डोळा लागला.

सांगायला हवं होतं. त्याला नाही — अर्सेनियोला. एक वाक्य होतं.

५ जुलै

सकाळी चांगलं ऊन आल्यावर ऑर्विल गेला. श्वास थांबला, मी वाट बघितली, तो आला नाही.

अर्सेनियो आला. मान खाली. "बाई, पाप केलं. मोठा केंद्रावर दिलाच नव्हता. जीव होईना. काल रात्रभर तो गॅरेजमध्येच होता, याच्या इतक्या जवळ. माफ करा."

मग मी सांगितलं. धोबीखाना, इस्त्री, पलंग का फिरवला ते. तो पायरीवर बसला. उठून गॅरेजमध्ये गेला.

मी पाटी उपटली. गवतावर पाणी मारलं. पाटीच्या जागी त्याने मोठ्याचं नळकांडं रोवलं आणि पेटवलं.

वर गेला. उन्हात सोनं काही दिसलं नाही. आवाज झाला आणि थोडा धूर राहिला.

तक्रार कोणीतरी केलीच. शहराचा माणूस आला, कोणी उडवला ते विचारलंही नाही. म्हणाला, जागा कोणाची?

माझी, म्हटलं.