पिवळ्या रेघेचं कापड

पप्पा,

तुमचं खांद्यावरून सोडायचं ते चौकड्यांचं कापड अजून माझ्याकडे आहे. होतं तेवढं नाही, पण आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. बॅगपाइप पलटणीने परत घेतला, बूट काकांना झाले, आणि हे आईने ट्रंकेत ठेवलं. मी न्यूझीलंडला निघालो तेव्हा तिनेच ते बॅगेत घातलं. "थंडीत पांघर, पण कात्री लावू नको हां त्याला," म्हणाली. इथे येऊन मी कोर्स अर्धवट सोडला, किवीफळं तोडली, ‘ते रापा’ नावाच्या भागात गोदामात खोकी रचली, मनुरेवात एका डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, गल्ल्यावर बसून दूध, ब्रेड, लॉटरी विकली. प्रत्येक खोलीत ते कापड उशीखाली होतं. इथल्या उशा पातळ असतात, हेही एक कारण.

आता हॅमिल्टनला एका किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे चुण्यांचे घागरे, शिवायच्या दुकानात आहे. गेलो होतो जॅकेटची चेन बदलायला. मालकीणबाईंनी मी थंडीसाठी गळ्याभोवती गुंडाळलेलं तुमचं कापड चिमटीत धरून विचारलं, हे कुठून आणलंस? म्हटलं, वडील फौजेत पाइपर होते, भारतात. शिवता येतं का? म्हटलं, बटण. "स्वीट ॲज, सोमवारपासून ये," म्हणाल्या. इथे 'झकास'ला असं म्हणतात. नोकऱ्या अशाही लागतात.

उन्हाळा संपता संपता एक आजोबा आले. स्कॉटिश पलटणीतून निवृत्त झालेले, आता इथे मुलीजवळ राहतात. त्यांना अँझॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, परेडला जायचं होतं आणि किल्टला कसर लागली होती. त्यांची पलटण केव्हाच दुसऱ्या पलटणींत मिसळली. आता सगळ्यांना म्हणे एकच टार्टन, म्हणजे चौकड्यांची एकच नक्षी, आहे, त्यांचं जुनं फक्त पाइपरांच्या अंगावर उरलंय. काळपट हिरवं, निळं, मधून पिवळी रेघ. तुमच्यासारखंच जवळजवळ. तुमच्या लोकांनी ते इंग्रजांच्या वेळी त्यांच्याकडूनच उचललं असणार.

मी सगळ्या चुण्या उसवल्या, भोकं आत दडवली, आणि मागूनही पुढच्यासारखाच पूर्ण चौकडा दिसेल अशा पुन्हा घातल्या. लग्नाची गिऱ्हाइकं तसंच मागतात, मला तेवढंच येत होतं. आजोबांनी किल्ट घातला, आरशात मान वळवून मागे बघितलं.

"लग्न कुणाचं आहे?"

मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"फौजेत प्रत्येक चुणीवर एकच रेघ येते, पोरा. मागे नुसत्या पिवळ्या रेघा उभ्या, रांगेत. बाकीचं सगळं आत. चालताना उघडेल तेवढंच दिसायचं."

"कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं.

"माझ्या मागून चालणाऱ्याला. माझ्याच पलटणीतला आहे. आम्ही दोघंच आहोत इथे, आणि तो मला बिअर संपेपर्यंत चिडवायचं सोडणार नाही."

पुन्हा उसवलं. रेघा रांगेत आणायला गेलो तर एका चुणीला आतून कापड पुरेना, तिथला भाग कसरीने खाल्लेला. स्कॉटलंडहून मागवायचं तर परेड होऊन जाणार. "मग मी पँट घालून जाईन," आजोबा म्हणाले, आणि स्टुलावर बसून बुटाची बांधलेलीच नाडी पुन्हा बांधायला लागले. माझ्या गळ्यातल्या कापडाकडे दोघांपैकी कोणीही बघितलं नाही. सभ्य माणसं.

मला तो रविवार आठवला. तुम्ही ओट्यावर घोंगडी टाकून या कापडाला इस्त्री करताय, शेजारी कुकर. मी ते ओढून घेतो आणि पाठीवर टाकून पलंगावरून उडी मारतो. तुम्ही हात उगारत नाही. "हे पांघरून उड्या मारायच्या नसतात. धर ते टोक. रेघेवर रेघ ठेव." मी धरतो, तुम्ही माझ्याकडे चालत येता, पुन्हा लांब जाता. एवढंच आहे माझ्याकडे. वाजवायचात काय, तेही आठवत नाही.

"माझ्या वडिलांचं चालेल का?" मी विचारलं.

आजोबांनी कापड गुडघ्यावर पसरलं. "रंग जरा जास्तच हिरवा आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"आत कोण बघतंय," आजोबा म्हणाले. मग मला, "त्यांना चालेल?"

"माहीत नाही," म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला मी ओळखतो तरी किती.

परेडच्या सकाळी रस्त्याच्या कडेला उभा होतो. पिवळ्या रेघा समोरून गेल्या, एकेक पावलाला चुण्या उघडत मिटत. तुमची चुणी डाव्या अंगाची. उघडली तेव्हा हिरवं जरासं दिसलं. मागच्या म्हाताऱ्याने वाकून बघितलं आणि नुसती मान हलवली. आजोबा ताठ होते.

आईला सांगितलेलं नाही. जेवलास का विचारते, हो म्हणतो. हे फोनमध्ये लिहितोय, फोनमध्येच राहील. एक सांगायचं होतं. कात्री लावायच्या आधी मी थोडा थांबलो होतो, काहीतरी वाटेल म्हणून. मालकीणबाई चहा घेऊन आल्या. चहा संपवला. काही वाटलं नाही. मग कापलं.