मागच्या अंगाचे कवेलू

२० मे १९८८, शुक्रवार

सांगून सांगून माझं तोंड दुखलं! शिडी म्हणा, निसणी म्हणा, घराले लावायची नाही म्हणजे नाही. तरी सकाळी पाहते तर बोळीतून मागच्या अंगाले लावलेली. दुसऱ्या पायरीवर हे — धोतराचा काचा मारून, एका हातानं गुडघा धरून. त्या गुडघ्यानं धड मांडी घालून जेवता येत नाही अन् चालले छपरावर कवेलू बसवाले!

मी खालून निसणी हलवली. मुद्दाम हलवली. उतरले चुपचाप. म्हणाले, "मारतं काय मले?" म्हटलं, "मी नाही मारून राह्यली. तुमीच मरून राह्यले."

काल दिवस बुडायच्या टायमाले वावधान आलं. अर्धाच घंटा. लिंबाचा फाटा आंगणात पडला. गोठ्याचा टीन उडून शेजारच्या सुधाकररावाच्या गुराच्या वाडग्यात गेला. अन् कवेलू असे वाजत होते, जसं कोणी रागानं भांडे फेकून राह्यलं. थांबलं न थांबलं तोच हे बोळीतून मागं धावले. मले वाटलं म्हशीसाठी धावले. म्हैस तर समोर बांधलेली होती! आले ते तोंड उतरून. काय पाह्यलं म्हणून विचारलं, तर "काही नाही."

दादाजी कुंभाराले बलावू म्हटलं. कवेलू फेरणारा गावात तो एकच. तर म्हणतात, कोणालेच बलावू नको, माझं मी पाहून घेतो. काय पाहून घेता! मिरगाले अठरा दिवस राह्यले. पाणी तुमच्या गुडघ्यासाठी थांबणार आहे काय?

२१ मे, शनिवार

या घरावरून एक माणूस पडून मेला. दुसरा मी पडू देणार नाही. — लिहून टाकलं, बरं झालं.

चंपत. यांचा लहाना भाऊ, माझा दीर. चार वर्सं झाले. असंच वावधान येऊन गेलतं. मागच्या अंगाचे दोन कवेलू सरकलेले दिसत होते. वरून पाण्याचा शितोडा. तो म्हणे, "वैनी, वाळू दे जरा, पाय घसरते." अन् मी काय म्हटलं? "दोन कवेलूसाठी मुहूर्त काढू काय? चढ!"

चढला. मी भाकर थापून राह्यली होती. आवाज आला.

ही वही त्यानंच आणून दिली होती, खताच्या दुकानातून. मी तिसरीपर्यंत शिकली, अक्षर कोंबडीच्या पायाचं. तो म्हणे, "वैनी, भांडण कागदावर करत जा. घरात जेवण तरी गोड लागीन."

त्याची बायको शकू. तेरवीच्या दिवशी सगळ्या बायांपुढं म्हणाली — "तुमच्या तोंडानं नेला त्याले." तेव्हापासून बोलत नाही. मागच्या आंगणात दोन खोल्या काढल्या, मधात भिंत घातली, एकटी राहते, वांगे-मिरच्या लावते. मीही नाही बोलली. काय बोलू? खोटं थोडीच म्हणाली ती.

म्हणून या घरावर कोणी चढायचं नाही. काय झालं ते खालून पाह्यचं. आज सडकेपर्यंत मागं मागं सरकत गेली, पूर्ण आढं दिसेपर्यंत. बाया हसल्या. "मथुराबाई, उलटं कुठं चालून राह्यल्या?" म्हटलं, "तुमच्या घरी. चहा ठेवा."

पुढच्या अंगाचे पाच गेले. डोळ्यानं मोजले.

२२ मे, रविवार

निसणी पुन्हा लावली. पुन्हा मागच्याच अंगाले! उचलून सुधाकररावाच्या गोठ्यात नेऊन ठेवली. लोकांची अक्कल गुडघ्यात असते. यांचा तर गुडघाही गेला!

२३ मे, सोमवार

हे बियाण्यासाठी बेल्याले गेले. तसंच दादाजीले बलावून आणलं.

सत्तरी उलटली त्याची, आता चढत नाही, त्याचा भाचा चढते. पण गावातलं अर्धं कवेलू त्याच्याच भट्टीचं. आला तो आधी वळचणीपासून दूर उभा राह्यला अन् मलेच मागं ओढलं. "लटकून असते एखादं. पाह्यच्या नादात टाळकं फुटते, बाई." मंग सुतळी घेतली, दोन्ही हातात ताणून डोळ्यापुढं धरली, आढ्याच्या रेघेले लावून पाह्यली. एक डोळा मिटून. आढं सुतळीबरोबर सरळ. "आढं नाही बसलं. घाबरू नको."

मी म्हटलं, "वर न चढता तुमाले कसं कळते?"

"वैद्य काय छातीवर चढून नाडी पाह्यते?"

मले हसू आलं. लय दिवसांनी.

खाली पडलेल्या खापऱ्या त्यानं उचलल्या, कडा दाखवल्या. काही लाल, आताच भट्टीतून काढल्यासारख्या. काही काळ्या, शेवाळ चढलेल्या. "लाल मोड परवाची. काळी मोड जुनी. जुन्याचा दोष वावधानाले देऊ नको." मी सगळ्या खापऱ्या दोन ढिगात लावल्या. काळा ढीगच मोठा निघाला! म्हणजे घर आधीच फुटत होतं, आमाले पत्ता नाही.

दुपारी दारं-खिडक्या लावून आत बसलो. बाप्पा! भुईवर उन्हाचे रुपये पडलेले. मी कोळशानं गोल काढाले लागली तर म्हणे, "ऊन चालते, बाई. भोक नाही चालत. तू भुई कायले रंगवतं?" मंग लांब काठीच्या टोकाले चिंधी बांधली, चुन्यात बुडवली. कवडसा हातावर घ्यायचा, त्याच्या रेघेनं वर पाह्यचं, भोक दिसलं का बाजूच्या बांबूले काठीनं चुना लावायचा. भुईवर उभ्या उभ्या. अकरा भोकं निघाले. आता भाच्यानं सरळ चुन्यापाशी जायचं, उगाच कवेलूवर फिरायचं नाही.

मागच्या खोलीत मात्र काहीच दिसेना. तिथं माळा आहे, गोण्या अन् कपाशीच्या पराट्या आढ्यापर्यंत भरलेल्या. बोळीतून पाह्यलं तर नुसती वळचण दिसते. मागचं अंग पाह्यचं तर शकूच्या आंगणातूनच.

दादाजी म्हणे, "मंग जा."

"चार वर्सं बोलली नाही ती."

"तुले कवेलू पाह्यचे हाय. बोलाले कोण सांगते?"

२४ मे, मंगळवार

नाही गेली.

२५ मे, बुधवार

शकूच्या फाटकापर्यंत गेली अन् परत आली. हातात उगाच लोटा घेतला होता, कोणी विचारलं तर सांगाले. कोणी विचारलं नाही.

यांना चुन्याचे ठिपके दिसले. "दादाजी आलता काय?" म्हटलं, "आलता. मागचं पाह्यचं राह्यलं." तसे एकदम उसळले. "मागं काही नाही झालं! मी पाह्यलं. दोन कवेलू गेले, बस. मी बसवतो." ताट सरकवून उठले. माझ्यावर ओरडणारा माणूस नाही हा. वीस वर्सांत दोनदा ओरडले असतील.

दोन कवेलू. तेव्हाही हेच म्हणाले होते. चंपतची तेरवी झाली, शकूले तिचा भाऊ जैनथले घेऊन गेला, अन् मी तापानं पडली ती दहा दिवस. उठून पाहते तर मागचं अंग नीट झालेलं. "दोन कवेलू होते, बसवले," म्हणाले. त्याच्यानंतर वर कोणी चढलं नाही. मीच चढू नाही दिलं.

पैनगंगेकडून आभाळ काळं झालं संध्याकाळी. पडलं नाही.

२६ मे, गुरुवार

गेली.

शकू वांग्याले पाणी देऊन राह्यली होती. किती वाळली! पदर खोचलेला, हात मातीचे. मी फाटकातूनच म्हटलं, "मले आमचे कवेलू पाह्यचे हाय. दोन मिनिटं."  शकू बादली उचलून बाजूले झाली. मी आत गेली अन् मान वर करून भिंतीकडं चालाले लागली.

मागून आवाज आला — "तिकडं नका जाऊ. तिसऱ्या ओळीतलं लटकून हाय."

चार वर्सांनी पहिला बोल. तोही माझं डोकं वाचवाले.

मी थांबली. ती म्हणाली, "सात गेले. चौथ्या ओळीतले तीन, पाचवीतले चार."

"तुले कसं ठाऊक?"

"रोज पाह्यते. दार उघडलं का नजर तिकडंच जाते. ते तिथूनच पडले ना."

मी वर पाह्यत राह्यली. सात कवेलू उडाले तिथं खालचे बांबू उघडे पडले आहेत. इतक्या वर्सांत पहिल्यांदा दिसले. त्यातला एक मधात मोडलेला. मोडलेल्या जागी दुसरा तुकडा लावून तारेनं आवळलेला. मले वाटलं परवाच मोडला. मंग दादाजीच्या खापऱ्या आठवल्या. मोड पाह्यली — काळी. तार पाह्यली — गंजून लाल. परवाची नाही ही मोड. लय जुनी.

शकूही पाहून राह्यली होती. हळूच म्हणाली, "मागचा बांबू घुणला, असं ते म्हणत. दोन साल आपल्या भावाले, दादाले, सांगून थकले. दादा म्हणत, पुढच्या साली बदलू. तुमाले नाही सांगितलं काय?"

"मले कोणी नाही सांगितलं."

घरी आली. भाकर करपली. यांनी करपलेलीच खाल्ली.

२७ मे, शुक्रवार

दादाजीले शकूच्या आंगणात नेलं. शकूनं स्वतः खाट टाकून दिली, वळचणीपासून दूर. म्हातारा कपाळावर हात धरून लय वेळ पाह्यत बसला. आमी दोघी त्याच्या दोन्ही बाजूले उभ्या. कोणी पाह्यलं असतं तर म्हटलं असतं, बाया आभाळात विमान पाहून राह्यल्या.

"वावधानाचं नाही हे," तो म्हणाला. "घुणलेला बांबू. माणसाच्या भारानं मोडला. मंग जोडला. तीन-चार पावसाळे झाले असतील."

मले एकच विचारायचं होतं. तोंडातून निघता निघेना. माझ्या तोंडातून! शेवटी विचारलं, "कवेलू वाळल्यावर चढला असता... तर?"

दादाजीनं माझ्याकडं पाह्यलं. सगळं गाव जाणते मी त्या दिवशी काय बोलली ते.

"वाळल्यावर चढला असता तरी मोडलाच असता, बाई. चैत्रात चढता तरी मोडता. तिथं पाय ठेवाले जागाच नव्हती."

शकू वांग्याच्या वाफ्यात खाली बसली. तोंडावर पदर. मी उभीच. 

"जोड कोणी मारला?" मी विचारलं.

"मी नाही. मले त्या सालापासून तुमच्या घरी कोणी बलावलंच नाही."

शकू उठली, आत गेली, लोटा घेऊन आली. "पाणी घ्या, जाऊबाई." अख्खा लोटा प्याली मी. थांबलीच नाही.

तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण दोघींना ठाऊक आहे. चंपतनंतर वर एकच माणूस चढला होता.

२८ मे, शनिवार

निसणी मीच परत आणली. यांच्या खाटेपुढं आडवी टाकली. म्हटलं, बांबू मोडला होता. तुमी हातानं जोडला, वरून कवेलू झाकले, अन् चार वर्सं मले माझ्या तोंडाले शिव्या देऊ दिल्या. म्हणून मागच्या अंगाले चढाची घाई! हे निसणीकडं पाह्यत राह्यले. डोळे भरले.  मले कीवही आली — भाऊ तर यांचाही गेला. ताट वाढून झाकून ठेवलं.

पण सोडणार नाही. सोमवारी सकाळी दादाजीचा भाचा बांबू बदलाले येते. तो निसणी लावायच्या आत शकूच्या आंगणात उभे राहून सांगा, बाबाराव — हो, आज नवऱ्याचं नाव घेऊनच म्हणते — बांबू घुणला हे तुमाले ठाऊक होतं का नव्हतं. सोमवारी सकाळी. त्याच्यापुढं एक दिवस नाही!