तुझ्या आवाजाची बटणं

आई, घशातली स्वरपेटी काढावी लागेल असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू एवढंच विचारलंस, "मग गंगेवर फुलं इकताना वरडू कशी?" गोदावरीच्या घाटाला तू गंगाच म्हणायचीस. माझी भीती वेगळी होती. मी दिवसभर कामावर, तू घरात एकटी, लिहिता येत नाही. काही झालं तर हाक कशी मारणार? म्हणून मित्राने परदेशातून आणलेला हातात मावणारा व्हिडिओ गेम मी मागून घेतला. पडद्यावरच्या चित्राला बोट लावलं की तुझाच आवाज यावा, असं डोक्यात होतं. त्या खेळण्यावर घरी लिहिलेला प्रोग्राम चालवायची सोय बनवणाऱ्या कंपनीने दिलेली नव्हती. जगभरच्या हौशी लोकांनी त्यासाठीची साधनं तयार करून इंटरनेटवर ठेवली होती. सायबर कॅफेतून ती पेनड्राइव्हवर आणली, घरच्या कॉम्प्युटरवर चढवली, आणि माझा प्रोग्राम तयार करायला गेलो की दर वेळी एकच उत्तर: फाइल सापडत नाही. त्यात भारनियमन. ऑपरेशन तोंडावर आलेलं. अखेर कळलं की फोल्डरच्या नावात दोन शब्दांमध्ये मी मोकळी जागा सोडली होती, आणि ती साधनं तिथेच अडखळत होती. नाव जोडून लिहिलं आणि पडद्यावर पाण्याचा तांब्या उमटला.

मग स्वयंपाकघरात पंखा बंद करून तुझा आवाज भरायला बसलो. तू लसूण सोलते आहेस. "पाणी" म्हणतेस ते चार घरं ऐकतील असं. मी म्हणतो, "आई, हळू."

"हळू बोलून गिऱ्हाईक थांबतं व्हय?" तू हसतेस. "आन् ह्ये बी भर: गप बस, मला कळतंय. ते लय लागंल."

पुढचा शब्द सांगायचा सोडून मी लसणाची सालं गोळा करत बसतो. तू माझ्याकडे बघतेस. "दुखतंय म्हनू का? म्हनते की." आणि झेंडूचा भाव सांगावा तसं म्हणून टाकतेस. त्याचं चित्र मी लाल काढलं.

ऑपरेशननंतर "पाणी" चाललं, "गप बस"वर तर सिस्टरही हसायच्या. लाल चित्राला तू बोट लावलं नाहीस. दुखणं उलटलं, पलंगाची दांडी धरून तू पडून असायचीस, तेव्हाही मी यंत्र समोर धरायचो आणि तुझं बोट "गप बस"कडे जायचं. दुखतच नव्हतं, की मला ऐकवायचं नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. तुला झोप लागली की मी यंत्र व्हरांड्यात न्यायचो, आवाज अगदी बारीक करायचो आणि ते लाल चित्र दाबून बघायचो. बिघडलेलं असू दे, तू ते न दाबण्याला तेवढं तरी कारण मिळू दे, एवढंच मागायचो. दर वेळी ते चालायचं.