आत्याबाईच्या वाट्याची बोडी

सानगडी, १० ऑगस्ट २०२५

ती. चंद्रभागा आत्याबाईच्या चरणी खुशबूचा दंडवत, वि. वि.

बोडीच्या तळ्याकाठच्या आपल्या तंबूंत पाहुणे येऊन राहिले. शहरातल्या लोकांले गादीवर झोपून जंगल पाहाले आवडते, काय करता! डिझेलचं जनरेटर बंद करून मी सोलर बसवलं. प्लास्टिकच्या बाटल्या गेल्या, माठ आले. उन्हाळ्यात बोडी आटली तवा सारी बेशरम मुळासकट उपटली. फाटकावर पाटी लावली, ‘बेशरम काढणे सुरू आहे’. नागपूरची एक बाई अशी भडकली, म्हणे आमाले पाहून लिवलं काय! बेशरम हे झुडूप आहे, हे पटवता पटवता माह्या नाकी नऊ आले.

पण आता बोडीत नुसतं गढूळ पाणी आहे. एक बगळा बसत नाही. राजकुमारदादा म्हणते, बुजवून फरशीचा स्विमिंग पूल करू. बोडी तुह्या वाट्याची, तुह्या सहीशिवाय काही होत नाही. सही देऊ नको, आत्याबाई. बोडी मेली तर मले ते तंबू नकोच.

माया पातळ करू नको.
तुही भाची, खुशबू

बपेरा, १६ ऑगस्ट

चि. खुशबूले आत्याचे भरभरून आशीर्वाद.

पाटीचं ऐकून हसून हसून पोट दुखलं. आमच्या घरचे, तुहे मामाजी, म्हणे, ती पाटी आपल्या दारावर लावू.

मी लहान होती तवा त्या बोडीत देवधान उगवे. कोणी पेरत नव्हतं, म्हणून देवाचं. माय टोपली घेऊन पाण्यात उतरे अन् लोंब्या झोडे. बेशरम पसरली अन् ते गेलं. इकडचं थोडं देवधान सानगडीले येणाऱ्या कवडूजवळ पाठवून राहिली, बोडीत फेक. दिवाळीपर्यंत सही देत नाही. मंग मात्र राजकुमारले नाही म्हणणं मले जमणार नाही, त्याचंही घर त्या तंबूंवरच चालते.

घरी सर्वांले विचारलं म्हणून सांग.
तुही आत्या

सानगडी, १४ ऑक्टोबर

ती. आत्याबाईले दंडवत.

रागावू नको. कवडूनं पोटली आईजवळ दिली. ऋषिपंचमी तोंडावर होती. आईले वाटलं, उपासाले बिननांगराचं धान्य नणदेनं आठवणीनं पाठवलं. तिनं कांडून भात रांधला अन् आमी सर्वांनी चाटूनपुसून खाल्ला! मले मागून कळलं. बोडीवर जाऊन रडली. तुले लिवाची हिंमतच झाली नाही.

मंग पाण्यातून हिरवं काही वर आलं. मले वाटलं, कोणाच्या शेताच्या बांधीतलं धान वाहून आलं. आता लोंब्या निघाल्या, लालसर, लांब कुसळांच्या. आईनं पाहिलं अन् डोक्यावर पदरच घेतला. म्हणे, हे देवधान आहे. आत्याबाई, आमी एक दाणा फेकला नव्हता! तुह्या मायच्या टोपलीतून सांडलेलं इतकी वर्षं चिखलात निजून होतं. मुळं उपटताना चिखल वरखाली झाला अन् ते उठलं.

आज सकाळी सारसाची जोडी उतरली. केवढे उंच ते! पाहुणे, दादा, सारे बोडीच्या पाळीवर उभे. दादानं मोबाईलही काढला नाही. मंग हळूच म्हणाला, आत्याले लिव, सही नको.

लोभ आहेच, तो वाढव.
खुशबू

बपेरा, १८ ऑक्टोबर

चि. खुशबूले आशीर्वाद.

तुहं पत्र मामाजीकडून पुन्हापुन्हा वाचून घेतलं. माय गेली तवा मी इकडे होती. तिचं काहीच माह्या हाती आलं नाही, असं मी जन्मभर म्हणत आली.

भाऊबीजेले येऊन राहिली. तोवर लोंब्या झोडू नका, गळते तेवढं पाण्यात गळू द्या. मले भात नको. मले फक्त एकडाव त्या पाण्यात उतरू दे.

तुही आत्या, चंद्रभागा