ज्युलियसचा हात

१० मे, शनिवार

अभिनंदन माझं! एका शिटीत अख्ख्या वसईशी वैर.

बास्केटबॉलमध्ये चेंडू आपटत पळताना, म्हणजे ड्रिबल करताना, ज्युलियस तळवा चेंडूखाली घालतो. चेंडू हातावर क्षणभर विसावतो, मग साहेब पुढे निघतात. नियमात याला कॅरी म्हणतात. वसईत याला स्टाईल म्हणतात! मी दर वेळी शिटी वाजवली, दर वेळी चेंडू समोरच्या टीमला दिला. पब्लिक ओरडलं, "मॅडम, चष्मा लावा!" — अहो, लावलाय म्हणून तर दिसलं.

स्पर्धा भरवणारे फ्रेडरिक सर चहाच्या वेळी म्हणाले, "तो लहानपणापासून तसाच खेळतो." वा! उद्या मी लहानपणापासून सिग्नल तोडते म्हटलं तर हवालदार सलाम ठोकेल बहुतेक.

११ मे, रविवार

आज जोडीला बळीराम सर रेफ्री. ज्युलियसने त्यांच्या नाकासमोर कॅरी केला. शिटी तोंडात होती — चघळायला! विचारलं तर म्हणे, "पब्लिक त्याला बघायला येतं, आपल्याला नाही." खरंय. आपल्याला फक्त शिव्या घालायला येतं.

१३ मे, मंगळवार

नवलच! मॅच संपल्यावर ज्युलियस स्वतः आला. वाटलं, आता भांडणार. तर म्हणतो, "मॅडम, नीट दाखवा ना. बाकी कुणी वाजवतच नाही, मला कळणार कसं?"

सत्तावीसला त्याची स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीची ट्रायल आहे. वयाची अट यंदा संपते, म्हणजे ही शेवटचीच. आई, फ्लॉसी, अजून पहाटे भाजी घेऊन बाजारात बसते, गुडघे गेलेत तिचे. ते थांबवायचंय त्याला.

दाखवलं. बोटं चेंडूच्या वर, फार तर बाजूला, खाली नाही म्हणजे नाही. अंधार पडेपर्यंत घाम गाळत होता. गुणी आहे पोरगा! हे इथेच लिहितेय. बाहेर कळलं तर माझी दहशत संपेल.

१८ मे, रविवार

फायनल. बँड, मंडप, बिर्याणी — बास्केटबॉल मध्येमध्ये. सुरू व्हायच्या आधी फ्रेडरिक सर कानाशी आले, "मॅडम, आज सणासारखं घ्या हं."

पहिल्याच हल्ल्यात ज्युलियसचा तळवा खाली. आधीपेक्षा कमी, पण होताच. मला स्वच्छ दिसलं. शिटी ओठांपर्यंत नेली, आणि... जाऊ दे म्हटलं. रोज रोज कोण शिव्या खाणार? एकदा गिळली की पुढच्या सहज उतरतात!

त्याची टीम जिंकली. मला शाल, नारळ, बिर्याणीचा डबा, आणि विरारला घरापर्यंत गाडी. फ्रेडरिक सर सगळ्यांना सांगत होते, "मॅडम किती बदलल्या!" घरी माझा नवरा सदानंदही म्हणाला, "आज चक्क हसत आलीस." काय करणार, बरं वाटलं.

१९ मे, सोमवार

बिर्याणी उत्तम होती.

२७ मे, मंगळवार

संध्याकाळी ज्युलियसचा फोन. ट्रायलमध्ये कॅरीवर कॅरी दिले, अर्ध्यात बसवलं. नोकरी गेली.

भांडला नाही. नुसतं म्हणाला, "मॅडम, फायनलला मी तुमच्याच शिटीकडे कान लावून खेळत होतो. वाजली नाही. वाटलं, हात सुधारला."